पहिल्या बोटाची काळी पाच

आई काळी पाचमध्ये गाते. वयाच्या ७४ व्या वर्षीही. सर्दीपडसं असलं की सूर थोडा उतरतो, पण तब्येत बरी असली की ती गळा साफ करते, पदर सारखा करते आणि काळी पाचच लावते. पेटीवर हे एका बोटाचं काम. पांढरी सहाच्या लगेच पुढची काळी पट्टी दाबली की आईचा सा मिळाला. युकुलेलेवर, म्हणजे गिटारसारख्या चिमुकल्या वाद्यावर, त्याच सा पर्यंत पोचायला मला अख्खा पावसाळा आणि दिवाळीनंतरचे काही आठवडे लागले. सगळं अडलं होतं डाव्या हाताच्या पहिल्या, म्हणजे अंगठ्याशेजारच्या, बोटापाशी.

आमच्याकडे पेटी होती. बाबांनी १९८८ साली घेतलेली, दुहेरी सुरांची. मी त्याच पेटीवर प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहत होतो. कागदपत्रं, आईची औषधं आणि शेगडी घेऊन वरच्या शेजाऱ्यांकडे गेलो. जाताना मी पेटी कपाटावर ठेवली. पाणी तिथवर येणार नाही असं वाटलं होतं. पाणी कपाटाच्याही वर गेलं. ओसरल्यावर पेटी उघडली तर भात्याच्या पुठ्ठ्याचा लगदा झालेला, चामडं सुटलेलं आणि पितळी सुरांवर हिरवा थर. दुरुस्त करणाऱ्यांना दाखवली. त्यांनी सूर एकेक करून हातात घेतले, पाहिले आणि परत ठेवले. त्यानंतर आम्ही मिरजेला राहायला आलो. नवी पेटी घ्यायचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा आईच नको म्हणाली.

भाचा शिकायला पुण्याला गेला तेव्हा त्याचं युकुलेले आमच्याकडे राहिलं. सोप्रानो, म्हणजे सगळ्यात लहान नेहमीच्या मापाचं. वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत तार जेमतेम ३५ सेंटिमीटर. चार तारा, बारा पडदे, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या रेघा. मोबाईलवर बघून मी ते लावलं. नाकाजवळची तार जी, मग सी, मग ई आणि जमिनीकडची ए. ही इंग्रजी अक्षरं माझ्या डोक्यात कधीच टिकली नाहीत. पेटी शिकलेल्या माणसाला सी म्हणजे पांढरी एक. पांढरी एकला सा धरलं की या चार तारा होतात प, सा, ग, ध. त्यात प वरच्या बाजूला असूनही खर्जातला नाही, सा आणि ग दोघांपेक्षाही उंच आहे. चारही तारा मोकळ्या छेडल्या.

आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. तिथूनच म्हणाली, "अगं, हा तर भूप."

खरंच होतं. भूप रागाचे पाच स्वर सा, रे, ग, प, ध. त्यातले चार त्या मोकळ्या तारांत आधीच होते. राहिलेला रे तिनं गाऊन दाखवला. पूर आल्यापासून घरात ती अशी आपणहून गायली नव्हती. मी तारा छेडत राहिले आणि तिनं भूपातला एक अभंग घेतला. अंतऱ्याला वरचा सा आला तशी ती थांबली. "मला हे उंच जातंय गं," एवढंच म्हणाली आणि शेंगांकडे वळली.

उंच जाणारच. युकुलेलेचा सा पांढरी एक, तिचा काळी पाच. दोन पट्ट्यांचं अंतर. पेटीवर असते तर मी एका क्षणात खाली सरकले असते.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच केला. चारही तारा दोन दोन पट्ट्या उतरवल्या. सूर मिळाला, पण आवाज गेला. एवढ्या आखूड वाद्याच्या तारा तेवढ्या सैल केल्या की त्या लोंबतात, पडद्यावर खरखरतात आणि सुरात टिकत नाहीत. दुसरा उपाय कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. तिसऱ्या पडद्यावर कॅपो चिमटवायचा आणि जी, सी, डी या सोप्या कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे स्वरांचे गट, वाजवायच्या, की काळी पाचचे सा, म आणि प हाताशी येतात. घरी हे छान चाललं. कॉलनीतल्या भजनी मंडळात चाललं नाही. तिथे एक अभंग आईचा झाला की पुढचा शेजारच्या काकू पांढरी पाचमध्ये घेतात. मधे गजर चालूच असतो, टाळ थांबत नाहीत. चिमटा काढा, सरकवा, पुन्हा तारा तपासा, एवढा वेळ कुणाकडे नसतो. आमच्या पेटीवाल्या काकू मुलाकडे राहायला जाईपर्यंत कधी थांबल्या नव्हत्या. गाणाऱ्याच्या गळ्यामागे त्यांची बोटं आपोआप जायची. मला तेच हवं होतं.

त्यामुळे बार कॉर्ड शिकायचं ठरवलं. बार म्हणजे पहिलं बोट पट्टीसारखं आडवं टाकून एकाहून जास्त तारा एकदम दाबायच्या. काळी पाचची कॉर्ड, म्हणजे बी फ्लॅट, आकड्यांत लिहितात ३-२-१-१. नाकाजवळची तार तिसऱ्या पडद्यावर, पुढची दुसऱ्यावर आणि शेवटच्या दोन पहिल्या पडद्यावर. त्या शेवटच्या दोन पहिल्या बोटानं एकत्र धरायच्या.

याच्या शेजारी पांढरी सहाची कॉर्ड लिहून बघा, म्हणजे ए. ती २-१-०-०. आकार एकच, प्रत्येक आकडा एकानं कमी. ए वाजवताना शेवटच्या दोन तारा मोकळ्या असतात. त्यांना मानेच्या वरच्या टोकाची पांढरी पट्टी, म्हणजे नट, धरून ठेवते. सगळा आकार एक पडदा पुढे नेला की नट मागे राहतो आणि त्याचं काम पहिल्या बोटाला करावं लागतं. म्हणजे बारचं बोट हा हलता नट. हे कळलं तेव्हा मी रात्री साडेदहाला उठून वहीत लिहून काढलं. असंच ए मायनरचं २-०-०-० दोन पडदे पुढे नेलं की बी मायनर होतं, ४-२-२-२. सी सेव्हन आहे ०-०-०-१, ते दोन पुढे गेलं की डी सेव्हन, २-२-२-३. एफचं २-०-१-० तीन पडदे पुढे नेलं तर काळी चार, ५-३-४-३. चार आकार नीट बसले तर बाराही पट्ट्या हातात येतात. पट्टी बदलणाऱ्या पेटीत आपण सगळी पट्टीच सरकवतो, इथे हात सरकवायचा.

डोक्यात बसलं. हातात बसायला मात्र फार दिवस गेले.

पहिला महिना मी चुकीचं करत होते, आणि ती चूक नवशिक्यांची सगळ्यांची होत असावी म्हणून सविस्तर सांगते. कॉर्डच्या चित्रात बारची रेघ कधी कधी चारही तारांवरून ओढलेली असते. ती बघून मी पहिलं बोट चारही तारांवर दाबत होते, जीव खाऊन. अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची आणि तरीही शेवटची तार ठप वाजायची. एकदा चार दिवस वाद्य हातात घेता आलं नाही, अंगठा इतका दुखत होता. त्या चार दिवसांत वहीतला आकार नुसता बघत बसले आणि लक्षात आलं की ३-२-१-१ मध्ये पहिल्या बोटाला दोनच तारा सांभाळायच्या आहेत. वरच्या दोन तारा दुसरं आणि तिसरं बोट पुढच्या पडद्यांवर दाबतात. त्यांच्याखाली पहिलं बोट असलं काय, नसलं काय, आवाजात फरक पडत नाही. मग बोटाचं फक्त टोकाचं पेर त्या दोन तारांवर आडवं ठेवलं. अर्धा बार. कळ त्या दिवशीच कमी झाली.

तरी ठप ठप चालूच होतं, कारण टोकाच्या पेराखालच्या वळीत ई ची तार नेमकी जाऊन बसायची. वळीत नुसता खळगा असतो. बोट तांदळाच्या दाण्याएवढं वर सरकवलं की तार खळग्यातून निघून मांसावर यायची. मांसही मऊच, म्हणून बोट अंगठ्याच्या बाजूला किंचित कलतं करायचं. तिथली कड टणक असते. बोट पडद्याच्या तारेला अगदी खेटून हवं, मागे राहिलं की दुप्पट जोर लागतो. आणि जोर अंगठ्यानं चिमटून लावायचा नाही. अंगठा मानेमागे नुसता टेकलेला, कोपर शरीराजवळ खाली, आणि हाताचं वजन मागे ओढू द्यायचं. हे शेवटचं मला सगळ्यात उशिरा जमलं, कारण वाद्य मांडीवरून घसरत होतं आणि डावा हात दाबण्याऐवजी ते सांभाळण्यात गुंतला होता. ताटाखाली घालतात तसल्या रबरी जाळीचा तुकडा मांडीवर टाकला. पुढे पट्टा लावून घेतला. ज्यांना बार जमत नाही त्यांनी आधी वाद्य घसरतंय का ते बघावं, असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. सकाळी सातला उपाशीपोटीचे नमुने सुरू होतात. उजव्या हातात सुई असते आणि शीर शोधायचं काम डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं. म्हणजे नेमकं हेच बोट. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा डोळ्यांना दिसत नाहीत. बोटाच्या टोकाखाली रबरी नळीसारखा किंचित उसळा लागतो, तेवढ्यावर सुई घालायची असते. वीस वर्षं मी या बोटावर विसंबून काम केलंय. त्यामुळे तारांचे घट्टे पडून त्याची जाण बोथट होईल ही माझी भीती खरी होती. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी लॅबमध्ये गेल्यावर आधी स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधून शीर चाचपून बघायची. जाण शाबूत होती. बारमध्ये तार बोटाच्या कडेवर येते, शीर शोधणारा टोकाचा मऊ भाग मोकळा राहतो. शिवाय युकुलेलेच्या तारा सतारीसारख्या पोलादी नसतात, नायलॉनच्या जातीच्या असतात. कडेला दोन बारीक रेघा उमटायच्या आणि भांडी घासून होईपर्यंत जायच्या.

उलट शीर शोधायची सवय मला कामाला आली. लॅबमध्ये नव्या मुलींना मी सांगते, दाबू नकोस, दाबलंस तर शीर खाली बसते, बोट ठेव आणि थांब. बारचंही तेच निघालं. आखूड तार जास्त दाबली की सूर चढतो, आणि पेटीवर वाढलेल्या कानाला तो लगेच टोचतो. तार वाजण्यापुरतंच दाबायचं. ते पुरतं कुठे येतं हे शोधायला मी आधी बोट नुसतं टेकवायची, तार छेडायची, मग कणाकणानं दाब वाढवायची आणि खरखर थांबली की तिथे थांबायची. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं. त्याहून जास्त नाही.

आणि सुरुवात पाचव्या पडद्यापासून. पहिल्या पडद्यावर बार सगळ्यात अवघड, कारण तार तिथे नटाच्या अगदी जवळ असते आणि वाकायला तयार नसते. पाचव्यावर ती सैल वाटते. तोच आकार पाचव्यावर, मग चौथ्यावर, दर आठवड्याला एक पडदा खाली. दुसऱ्या पडद्यापर्यंत गणपतीच्या सुमारास पोचले. पहिल्यावर मात्र काही केल्या जमेना.

तेव्हा मी सतारमेकर गल्लीत गेले. मिरजेत राहून इतके दिवस का गेले नाही, कोण जाणे. या गावात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांतले फरीदसाहेब १९ व्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही भोपळे वाळवत, दांड्या तासत बसलेल्या असतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी ज्यांच्याकडे गेले ते चाचा तंबोऱ्याची जवारी लावत होते, म्हणजे तारेचा नाद घुमावा म्हणून घोडी घासत होते. युकुलेले हातात घेऊन त्यांनी आधी वास घेतला, मग टकटक करून बघितलं. मी तक्रार सांगितली. त्यांनी एक तार तिसऱ्या पडद्यावर दाबली आणि पहिल्या पडद्यावर ती किती उचललेली आहे ते बघितलं. तिथे केसभर फट हवी. माझ्यात लग्नपत्रिकेचा पुठ्ठा सहज गेला असता.

"ताई, तुमचं बोट बरोबर आहे," ते म्हणाले. "खाच उथळ आहे."

बारीक कानशीनं त्यांनी चारही खाचा खोल केल्या. दोनदा घासायचं, तार बसवायची, बघायचं, पुन्हा दोनदा. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार पडद्यावर खरखरते आणि मग नवा नट घालावा लागतो, म्हणून घाई नाही. तासभर गेला. शंभर रुपये घेतले. पट्ट्यासाठी मागे एक खुंटीही बसवून दिली. घरी येऊन पहिल्या पडद्यावर बार धरला तेव्हा शेवटच्या दोन तारा एकदम वाजल्या आणि मला रडू आलं. तीन महिने मी माझ्या बोटाला दोष देत होते. नवीन, स्वस्तातलं युकुलेले घेतलेल्या प्रत्येकानं पहिल्यांदा ही फट बघावी. वाद्याची चूक बोटानं भरून काढायला जाऊ नये.

बार नीट बसलाय की नाही हे तपासायला मला एक खूण सापडली. ३-२-१-१ मध्ये पहिल्या तारेवर येतो सा, दुसरीवर ग, तिसरीवर प आणि चौथीवर पुन्हा सा. नाकाजवळची तार उंच लावलेली असल्यामुळे हे दोन्ही सा एकाच जागचे, एकाच सप्तकातले. तंबोऱ्याच्या मधल्या जोडाच्या तारा जशा एकमेकींत मिसळतात तशा याही मिसळायला हव्यात. बार ढिला असला तर चौथी तार मंद होते आणि जोड फाटतो. बोट जास्त दाबलं तर चौथीचा सा चढतो आणि जोडात लाट येते. मी आता पहिली आणि चौथी तार आधी छेडते. जोड जुळला की बाकीचं जुळतंच.

ही उंच तार आली कुठून, याचा शोध घेताना मी दोन रात्री जागले. २३ ऑगस्ट १८७९ रोजी रेवन्सक्रॅग नावाचं जहाज मदेरा बेटावरचे मजूर घेऊन होनोलुलूला पोचलं. ते लोक उसाच्या मळ्यांत कामाला आले होते. त्यांच्यात मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतार होते. त्यांनी मदेराच्या माशेत नावाच्या चिमुकल्या वाद्यावरून हे वाद्य घडवलं आणि तारांची मिळवणी घेतली राजाओ नावाच्या पाच तारांच्या दुसऱ्या वाद्याची, एक तार वगळून. हवाईचा राजा कलाकौआ यानं त्याला दरबारात जागा दिली. हाच कलाकौआ १८८१ साली जगप्रवासाला निघाला असताना कलकत्त्याहून रेल्वेनं मुंबईला आला होता. मला हे वाचून फार बरं वाटलं, का ते नेमकं सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट वाचली. १९२० च्या दशकात अमेरिकेत गाण्यांचे छापील कागद विकले जायचे आणि त्यावर युकुलेलेच्या कॉर्डच्या चौकटी असायच्या. त्याच्या आधी बऱ्याचदा सूचना असे, की या गाण्यासाठी तारा अमुक सुरांत लावा. म्हणजे अवघड पट्टी आली की वाद्यच वेगळं लावा आणि सोपे आकार वाजवा. गाणं एकच असेल तर तो मार्ग अगदी योग्य. भजनात एका बैठकीत सहा-सात गळे असतात.

आता अभंगाखाली कॉर्ड लावाव्यात का, हा प्रश्न. मला वाटतं लावाव्यात, पण रागाच्या घरातलेच स्वर असतील अशा. भूपात म आणि नी नाहीत. मग त्याच्या पाच स्वरांत दोनच कॉर्ड बसतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. काळी पाचमध्ये त्या होतात बी फ्लॅट आणि जी मायनर. ३-२-१-१ आणि ०-२-३-१. या दोन्हींची अदलाबदल हातासाठी इतकी सुंदर आहे की मी ती नुसतीच करत बसते. दुसरं बोट जागेवरून हलतच नाही. तिसरं बोट त्याच पडद्यावर वरच्या तारेवरून ई च्या तारेवर उतरतं. आणि पहिलं बोट, जे आडवं होतं, ते टोकावर उभं राहतं. परत येताना पुन्हा आडवं. उभं, आडवं, उभं, आडवं. हाच बारचा सगळ्यात चांगला सराव आहे, कारण बोटाला मधे विसावा मिळतो. ज्या रागात कोमल स्वर येतात तिथे मी कॉर्ड सोडून देते, नुसता सा आणि प वाजवते. भैरवीत तर हात आखडताच ठेवते.

गंधाराबद्दलही एक सांगायचंय. आईचा ग तंबोऱ्यातून उमटतो तसा, पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला. युकुलेलेचे सूर पेटीसारखेच एकमेकांपासून समान अंतरावर बसवलेले, त्यामुळे दोघांचे ग पूर्ण मिळत नाहीत. त्यात माझं दुसरं बोट जोरात पडलं की माझा ग आणखी चढतो. हलकं दाबलं तर निदान अंतर वाढत नाही. आईनं ते आपणहून ओळखलं. "आज ग बरा लागतोय तुझा," असं ती म्हणाली त्या दिवशी मी वेगळं काहीच केलं नव्हतं, फक्त दमले होते आणि हातात जोर नव्हता.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी दत्ताच्या भजनाला मी पहिल्यांदा वाद्य घेऊन गेले. काकूंनी पांढरी पाचमध्ये सुरुवात केली, ती सोपी, बार लागत नाही. मग आईची पाळी. घरातून निघताना तिला शिंका येत होत्या, पण पट्टी कोणती घेणार हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आमच्याकडे गाणारा सरळ सुरू करतो, साथीनं शोधायचं. तिनं आलाप घेतला. मी पहिल्या पडद्यावर बार धरून अगदी हळू पहिली तार छेडली. जुळेना. तिचा सा खाली होता. एक पडदा खाली घेतला. जोड जुळला.

पांढरी सहा. २-१-०-०. पहिल्या बोटाचा बार उठला, ते एका तारेवर टोकानं टेकलं, आणि शेवटच्या दोन तारा मोकळ्या वाजू लागल्या. ज्या पडद्यासाठी चार-पाच महिने घालवले होते तो रिकामा होता. तिनं अख्खा अभंग तसाच पार पाडला, खाली बसलेल्या आवाजात, प्रत्येक ओळ नीट ठेवत. शेवटच्या कडव्याला गळा मोकळा झाला असावा, कारण वरचा सा तिनं पूर्वीसारखा लांबवला.

टाळ चालूच होते. तिनं पाण्याचा घोट घेतला, माझ्याकडे वळून बघितलं आणि तळहात किंचित वर केला. एक पट्टी वर. मी हात पुढे सरकवला, बोट आडवं टाकलं, पहिली आणि चौथी तार छेडली. तिनं मान हलवली आणि श्वास घेतला.